इंजिन गप्प झाल्यावरची चार मिनिटे

२५ जुलै २०२२. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या शिवारात, सकाळी साडेअकराच्या सुमारास एक सेसना १५२ विमान शेतात उतरले. बारामतीहून एकटीच उड्डाणाला निघालेली एक शिकाऊ वैमानिक आत होती. हवेत असताना विमानाची शक्ती गेली, असे त्या दिवशीच्या बातम्यांत आले. विमान मोडले, वैमानिक किरकोळ दुखापतीवर वाचली. गावकरी धावत आले, दूरचित्रवाहिन्यांवर दिवसभर ‘विमान कोसळले’ अशी पट्टी फिरत राहिली.

‘कोसळले’ या शब्दामुळे लोकांच्या मनात एक चुकीचे चित्र पक्के बसते. इंजिन थांबले की विमान दगडासारखे खाली येते, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात पंख आपले काम करतच असतात. इंजिन विमानाला पुढे ओढते आणि पंख त्याला उचलून धरतात. ओढणारे थांबले की विमानाला उतरणीवरून घसरत जावे लागते, एवढाच फरक. सायकलस्वार पेडल थांबवून घाट उतरतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त हा घाट कुठे संपणार हे रस्ता ठरवत नाही, वैमानिकाला ते आधीच ओळखावे लागते. छोट्या विमानांच्या प्रशिक्षणात इंजिनाविना उतरण्याचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतात तो याचसाठी. कागदावरची कृती पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. घसरण कुठे संपेल हे डोळ्याला कळायला मात्र अनेक महिने लागतात.

आकडे आधी पाहू. चार आसनी सेसना १७२ शांत हवेत इंजिनाविना १००० फूट उंची खर्चून साधारण दीड नॉटिकल मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर पुढे जाते. पण ते ठरावीक वेगाला. त्या वेगाला ‘बेस्ट ग्लाइड’ म्हणतात. १७२एस या मॉडेलसाठी तो ६८ नॉट आहे, जुन्या १७२एन साठी ६५, तर दोन आसनी १५२ साठी ६०. या वेगात विमान मिनिटाला सातशे-साडेसातशे फुटांच्या आसपास खाली येते. जमिनीपासून ३००० फुटांवर इंजिन थांबले, तर वैमानिकाच्या हातात सुमारे चार मिनिटे असतात. ओरडायला, घाबरायला आणि सावरायला लागणारा वेळही त्यातच धरायचा.

‘जमिनीपासून’ या शब्दावर इथे मुद्दाम जोर द्यायला हवा. उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवत असतो. बारामतीच्या परिसरात जमीनच १८०० ते २००० फुटांवर आहे. काट्यावर ३००० दिसत असले, तरी चाकांखाली जेमतेम हजार फूट हवा असते. दख्खनच्या पठारावर उडणाऱ्याने काट्यावरच्या आकड्यातून जमिनीची उंची वजा करण्याची सवय इतकी मुरवावी, की हिशेब मनात आपोआप चालू राहिला पाहिजे. चार मिनिटे समजून दीड मिनिटावर येणे हे फार महागात पडते.

सरावाची सुरुवात शेतावर करू नये, धावपट्टीवरच करावी. सर्किटमध्ये डाउनविंडला, धावपट्टीला समांतर जाताना, ज्या ठिपक्यावर उतरायचे तो ठिपका बाजूला आला की इन्स्ट्रक्टर थ्रॉटल पूर्ण मागे घेतो. तिथून पुन्हा शक्ती न लावता त्या ठिपक्यावर चाके टेकवायची. अमेरिकेत व्यावसायिक परवान्याच्या चाचणीत हीच कसोटी असते. जमिनीपासून १००० फुटांच्या आत इंजिन मंद करायचे, १८० अंशांचे वळण घ्यायचे आणि ठरवलेल्या खुणेच्या पुढे २०० फुटांच्या आत उतरायचे. खुणेच्या एक फूटही अलीकडे चाके टेकली तर नापास. या नियमात अनुभवाचा मोठा साठा आहे. खुणेच्या पुढे उतरलेले विमान शेताच्या टोकाशी कुंपणात अडकेल. खुणेच्या अलीकडे उतरलेले मात्र शेत सुरू होण्याआधीच्या विहिरीत, तारांत किंवा झाडात जाईल.

हा सराव करताना नजरेने नेमके काय शोधायचे, हे इन्स्ट्रक्टरने पहिल्याच दिवशी दाखवावे. वेग स्थिर ठेवून सरळ खाली येत असताना समोरच्या काचेतून जमिनीवरच्या सगळ्या वस्तू हलताना दिसतात. काही वर सरकतात, काही खाली. मधे एकच जागा अशी असते जी हलत नाही, नुसती मोठी होत जाते. विमान त्याच जागेकडे चालले आहे. हवे ते शेत काचेवर वर सरकू लागले, तर तिथवर पोचणे जमणार नाही. खाली सरकून नाकाखाली जाऊ लागले, तर विमान त्याच्यावरून पुढे निघून जाईल. ही एक खूण ज्याच्या डोळ्यात बसली त्याला आकडेमोडीची फारशी गरज उरत नाही. ती बसेपर्यंत वेगाचा काटा एका जागी ठेवणे आवश्यक आहे, कारण वेग हलला की न हलणारा ठिपकाही जागा बदलतो. म्हणून थ्रॉटल मागे आला की पहिले काम नाक सांभाळून बेस्ट ग्लाइडचा वेग पकडणे, आणि लगेच दुसरे काम ट्रिम लावणे. ट्रिम लावले की विमान तो वेग स्वतः धरून ठेवते. वैमानिकाचा हात मोकळा होतो आणि डोकेही.

शेत अलीकडे पडते आहे असे दिसले की प्रत्येक नवख्याचा हात नाक वर ओढतो. हे सगळ्यांच्या बाबतीत घडते आणि ते मोडून काढायलाच सराव लागतो. बेस्ट ग्लाइडपेक्षा कमी वेगाने विमान जास्त लांब जात नाही, उलट आणखी अलीकडेच खाली येते. आणि आणखी ओढले तर स्टॉल होते, म्हणजे पंख विमानाला उचलून धरेनासे होतात. समोरून जोराचा वारा असेल तर उलटे करावे लागते: वेग थोडा वाढवावा, म्हणजे वाऱ्याच्या विरोधात कमी वेळ घालवावा लागतो. इन्स्ट्रक्टर शेजारी असताना, भरपूर उंचीवर, दोन्ही प्रयोग करून बघावेत. एकदा बेस्ट ग्लाइडने आणि एकदा त्याहून कमी वेगाने, सारखीच उंची खर्चून किती अंतर गेले ते मोजले की हात पुन्हा सहजासहजी नाक ओढत नाही.

सरावाच्या पूर्वतयारीविषयी थोडे. इंजिन खरोखर बंद करण्याची काहीही गरज नसते. मिक्स्चर ओढून किंवा इंधनाची चावी फिरवून सराव करू नये. थ्रॉटल मागे घेणे पुरेसे आहे. मंद चालणारे इंजिन थोडा का होईना जोर देत असते, त्यामुळे खऱ्या प्रसंगी घसरण सरावापेक्षा तीव्र असते, हे लक्षात ठेवून थोडी उंची राखीव ठेवायची. कार्बोरेटरवाल्या विमानात थ्रॉटल मागे घेण्याआधी कार्बोरेटर हीट लावावी. आपल्याकडे उकाड्यात बर्फ कसला, असा प्रश्न बारामतीत किंवा धुळ्यात शिकणाऱ्याला पडतो. पण कार्बोरेटरच्या अरुंद नळीतून जाताना हवा आणि इंधनाची वाफ इतकी थंड होते, की बाहेर ३८ अंश सेल्सिअस असले आणि हवेतली आर्द्रता निम्मी असली तरी आत बर्फ धरू शकतो. पावसाळ्यात, थ्रॉटल मागे घेऊन खाली येताना हा धोका सगळ्यांत जास्त. सराव लांबला तर दर पाचशे फुटांवर क्षणभर शक्ती लावून इंजिन चालते आहे ना, हे तपासावे. म्हणजे ते थंडही पडत नाही आणि हवे तेव्हा हाताशी असते. शेतावरच्या सरावात जमिनीपासून ५०० फुटांच्या खाली न जाता गो-अराउंड करायचे, म्हणजे शक्ती लावून पुन्हा वर जायचे. इन्स्ट्रक्टरने किंवा संस्थेने याहून वरची मर्यादा घातली असेल तर ती पाळायची. एकट्याने शेतावर सराव करणे टाळावे. एकट्या वैमानिकाचे डोळे शेतावर खिळलेले असतात, आणि समोरून येणारे दुसरे विमान त्याला दिसत नाही.

आता शेताकडे वळू. धावपट्टीवरचे ठिपके जमू लागले की इन्स्ट्रक्टर तीन-चार हजार फुटांवर, बेसावध क्षणी, थ्रॉटल मागे घेतो आणि शांत बसतो. इथे शिकाऊ वैमानिकाने शेत शोधायला सुरुवात करू नये. शेत त्याला आधीच माहीत असायला हवे. चांगले वैमानिक सरळ उड्डाणातही दर काही मिनिटांनी स्वतःला विचारत राहतात: आत्ता इंजिन गेले तर कुठे? उत्तर तयार असले की थ्रॉटल मागे आल्यावर पहिले अर्धे मिनिट वाचते. त्या अर्ध्या मिनिटाची किंमत एका मोठ्या अपघाताच्या चौकशीतून कळली. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून उडालेल्या एअरबस ए३२०ची दोन्ही इंजिने पक्ष्यांच्या थव्याने निकामी केली. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवले आणि १५५ जणांपैकी प्रत्येक जण वाचला. चौकशीत सिम्युलेटरवर विमानतळाकडे परतण्याचे प्रयोग झाले. क्षणाचाही विलंब न लावता वळणारे काही जण पोचले. पण प्रसंग ओळखून निर्णय घ्यायला माणसाला लागणारी ३५ सेकंदे धरल्यावर विमान धावपट्टीपर्यंत पोचेना. पक्षी धडकल्यापासून पाण्यावर उतरेपर्यंतचा सारा प्रसंग सुमारे साडेतीन मिनिटांचा होता. म्हणजे सेसनातल्या शिकाऊ वैमानिकाला मिळतो जवळजवळ तेवढाच.

शेत कसे निवडावे याची यादी प्रत्येक पुस्तकात असते: वारा, लांबी, अडथळे, जमीन, उतार. पण ती पुस्तके बहुतेक परदेशात लिहिलेली, आणि पश्चिम महाराष्ट्रावरून उडणाऱ्याला इथलीच जमीन वाचावी लागते. वरून पाहताना सगळ्यांत मऊ, हिरवा, गालिच्यासारखा दिसतो तो ऊस. उभा ऊस आठ-दहा फूट उंच असतो. त्याच्या शेंड्यांवर विमान टेकले की चाके गुंतून ते पालथे व्हायची भीती असते. द्राक्षबागेवर मांडव असतो, लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांचा. वरून तो नुसता हिरवा चौकोन दिसतो. शेततळ्याचे काळे प्लॅस्टिक काही वेळा नांगरलेल्या काळ्या रानासारखे भासते. ज्वारी काढून झालेले मोकळे रान चांगले. मुरमाड माळ बहुधा त्याहून चांगला, कारण तिथे पाणी धरत नाही आणि चाके रुतत नाहीत. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीचे रान शक्यतो टाळावे. पर्याय नसेल तर पुढचे चाक शक्य तितका वेळ वर धरून ठेवावे, कारण तेच आधी रुतते. सऱ्या पाडलेल्या रानात उतरावे लागलेच, तर सऱ्यांना आडवे न जाता त्यांच्या दिशेने उतरावे, मग वारा थोडा तिरपा असला तरी चालेल. वीजतारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की त्यांच्या मधे तार आहे असेच समजायचे. रस्त्याचा मोह सगळ्यांना होतो, पण आपल्याकडच्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना झाडे, खांब आणि आडव्या गेलेल्या तारा असतात. मधे ट्रॅक्टर आणि एसटी असते.

कडबनवाडीचा परिसर त्याच्या गवताळ माळांसाठी ओळखला जातो. इंदापूर-बारामती भागात उडणाऱ्यांनी असे माळ नकाशावर खुणा करून ठेवावेत. ऋतू बदलला की त्या खुणाही बदलाव्या लागतात. जानेवारीत जे रान उघडे आहे ते सप्टेंबरात छातीएवढ्या पिकात असते. उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी गाडीवरून त्या बाजूला एक फेरी मारून आलेला विद्यार्थी वरून त्याच जमिनीकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

वाऱ्याच्या खुणाही इथल्याच. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्याचा धूर, वीटभट्टीचा धूर, देवळावरचा झेंडा, तलावाच्या पाण्यावरच्या लाटा. तलावाचा जो काठ शांत दिसतो, वारा त्या काठाकडून येतो. यातले काहीच दिसले नाही तर निघताना धावपट्टीवर असलेला वारा आठवावा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरण्याचा फायदा नुसता सोयीचा नाही. विमान थांबताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती जमिनीवरच्या वेगाच्या वर्गाने वाढते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या प्रशिक्षण पुस्तिकेत हा हिशेब दिला आहे. गुरुत्वाच्या नऊपट इतक्या समान मंदनाने थांबायला ताशी ५० मैलांवर सुमारे साडेनऊ फूट पुरतात. ताशी १०० मैलांवर मात्र सुमारे साडेसदतीस फूट लागतात. नऊपट मंदन पट्टे नीट बांधलेल्या माणसाला सोसते. म्हणजे शेवटचा वेग कमी ठेवला तर झुडपांनी, पिकाने आणि पंखांनी मिळूनही विमान थांबवता येते. वेग जास्त असला की ती सगळी जागा अपुरी पडते.

निवडलेल्या शेताशी पोचल्यावर थेट त्याच्यावर झेपावू नये. शेताच्या आसपास उंची घालवण्याची एक जुनी पद्धत आहे. शेताच्या बाजूला, वाऱ्याच्या दिशेने जाताना, जमिनीपासून हजार फुटांच्या आसपास यावे. हीच आपली रोजची डाउनविंडची जागा. इथून पुढचे काम सर्किटमध्ये शंभरदा झालेले असते. धावपट्टीवरचा सराव आधी का, याचे उत्तर इथे मिळते. शेतावर आल्यावर वैमानिकाला नवीन काही करायचेच नसते, ओळखीच्या जागेवरून ओळखीचे वळण घ्यायचे असते. वळणे शेताकडेच घ्यावीत, शेताकडे पाठ करून नाही. ठिपका काचेवर खाली सरकू लागला तर बेस, म्हणजे डाउनविंडनंतरचा आडवा टप्पा, थोडा लांब न्यायचा किंवा फ्लॅप लावायचे. वर सरकू लागला तर लगेच आत वळायचे. शेवटचे फ्लॅप शेत नक्की हातात आल्यावरच लावावेत, कारण लावलेले फ्लॅप मागे घेतले की विमान खाली बसते.

उंची जास्त राहिली तर साइडस्लिप हे जुने आणि भरवशाचे साधन आहे. एका बाजूला झुकवायचे आणि उलट्या पायाचे रडर दाबायचे. विमान तिरपे सरकत, वेग न वाढवता झपाट्याने उंची सोडते. काही १७२ मॉडेलांमध्ये फ्लॅप खाली असताना स्लिप टाळावी अशी सूचना लिहिलेली असते, ती आधी वाचून घ्यावी. या साधनाचा इतिहासातला सगळ्यांत मोठा उपयोग एका अवाढव्य विमानात झाला. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७चे इंधन ४१००० फुटांवर संपले. किलो आणि पौंड यांच्या गोंधळात गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले होते. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन ग्लायडर उडवत असत. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना मॅनिटोबातल्या गिमली इथला जुना हवाई तळ माहीत होता. इंजिनाविना घसरण्याचा वेग हस्तपुस्तिकेत नव्हता, म्हणून पिअरसन यांनी तो २२० नॉट धरला. अखेरच्या टप्प्यात विमान फार उंच आहे असे दिसताच त्यांनी ते प्रचंड विमान स्लिपमध्ये टाकले. धावपट्टीवर मोटार शर्यतींसाठी माणसे जमली होती. पुढचे चाक दुमडले, विमान नाकावर घसरत थांबले, पण ६९ पैकी कुणाला गंभीर इजा झाली नाही.

सलेनबर्गर हेही ग्लायडर उडवलेले. ही दोन नावे शेजारी ठेवली की पुण्यात राहणाऱ्या शिकाऊ वैमानिकाला हडपसरचे ग्लायडिंग सेंटर आठवायला हवे. ग्लायडरमध्ये प्रत्येक उतरणे इंजिनाविनाच असते, गो-अराउंडचा पर्याय नसतो. तिथे घालवलेले काही तास डोळ्याला जे शिकवतात ते सेसनात पैसे मोजून मिळवायला फार वेळ लागतो. ज्यांना परवडेल आणि ज्यांना संधी मिळेल त्यांनी ती सोडू नये.

वेग धरला, शेत ठरले, विमान तिकडे वळले, आता इंजिनाकडे बघायचे. क्रम हाच ठेवायचा, उलटा नाही. इंधनाची चावी दुसऱ्या टाकीवर किंवा दोन्हींवर, मिक्स्चर पुढे, कार्बोरेटर हीट, मॅग्नेटो दोन्हींवर, पंप असेल तर सुरू. सरावात या सगळ्याला हात लावून तोंडाने म्हणायचे असते, बदलायचे काही नसते. हात बसलेल्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे किंवा खालून वर, फिरला पाहिजे. कागद नंतर, वेळ उरला तर. इंजिन बंद पडण्याची कारणे बऱ्याच वेळा इंधनाशी येऊन थांबतात: टाकी रिकामी, चुकीची टाकी, पाणी. गिमलीच्या आकड्यांत चूक होती तशी चूक छोट्या विमानात कांडी बुडवून टाकी मोजल्यावर होत नाही. तो सराव हवेत नाही, जमिनीवर होतो आणि रोज करता येतो.

मग रेडिओ. चालू वारंवारितेवर किंवा १२१.५ वर तीनदा ‘मेडे’, आपले नाव, जागा आणि काय करतो आहोत ते. ट्रान्सपाँडरवर ७७००. खाली येण्याच्या आधी पट्टे घट्ट, दारे किंचित उघडी, म्हणजे चौकट वाकली तरी ती अडकून बसणार नाहीत. इंधन बंद, मिक्स्चर मागे, मॅग्नेटो बंद. सेसनाचे फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून मास्टर स्विच शेवटचे फ्लॅप लागल्यावरच बंद करायचा. खांद्याच्या पट्ट्याकडे दुर्लक्ष नको. अभिनेता हॅरिसन फोर्ड यांचे दुसऱ्या महायुद्धातले प्रशिक्षण विमान ५ मार्च २०१५ रोजी सांता मोनिकाहून उडताच थंडावले. कार्बोरेटरमधला इंधन मोजणारा एक भाग सैल झाला होता. परत धावपट्टीवर पोचणार नाही हे ओळखून त्यांनी जवळच्या गोल्फ मैदानाकडे नाक वळवले आणि झाडाचा शेंडा चाटून विमान खाली आले. ते वाचले, पण बरेच जखमी झाले. खांद्याचा पट्टा चुकीच्या रीतीने बसवलेला होता, त्यामुळे इजा वाढली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

उड्डाणानंतर लगेच इंजिन जाणे हा या विषयाचा सगळ्यांत अवघड भाग आहे. धावपट्टी मागे आहे, ओळखीची आहे, आणि परत वळावे असे प्रत्येक पेशीला वाटते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. परतीचे वळण १८० अंशांचे नसते. धावपट्टीच्या रेषेवर यायला आधी सव्वादोनशे अंश वळून मग उलट पंचेचाळीस वळावे लागते, एकूण सुमारे २७०. ते लवकर व्हावे म्हणून ४५ अंश झुकले की स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंश झुकले तर ४१ टक्क्यांनी. कमी उंची, तीव्र वळण आणि धावपट्टी दिसावी म्हणून ओढलेले नाक, या तिन्हींतून स्पिन होते आणि तिथून सावरायला जागा नसते.

शिकाऊ वैमानिकाला मिळणारी शिकवण म्हणूनच सोपी असते: समोर, दोन्ही बाजूंना तीसेक अंशांच्या आत, जे कमीत कमी वाईट असेल तिथे. अमेरिकेत २०१८पासूनच्या मार्गदर्शक सूचनेत इन्स्ट्रक्टरांनी परत वळणे कधी आणि कसे शक्य आहे हे दाखवावे, असे सांगितले आहे. दोन्हींत विरोध नाही. प्रत्येकाने आपली उंची आधी मोजून ठेवली पाहिजे. जमिनीपासून ३००० फुटांवर, इन्स्ट्रक्टर शेजारी असताना, चढाईचा वेग ठेवून थ्रॉटल मागे घ्यावा. मोठ्याने एक ते चार मोजावे, कारण खऱ्या प्रसंगी माणूस तेवढा वेळ थिजतो. मग बेस्ट ग्लाइड पकडून, ४५ अंश झुकून २७० अंश वळावे आणि किती फूट गेले ते लिहावे. तीन-चार वेळा केले की आपला आकडा मिळतो. त्यात निम्मी भर घालावी. त्या उंचीखाली मागे वळायचे नाही, हा निर्णय उडण्याआधी, धावपट्टीच्या टोकाशी उभे असताना, तोंडाने म्हणावा. हवेत तो घ्यायला वेळ नसतो.

इंजिन पूर्ण थांबण्यापेक्षा अर्धवट चालणे जास्त फसवे असते. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २००० ते २०१० या काळातल्या नोंदी पाहिल्या. एका इंजिनाच्या विमानांत उड्डाणानंतर शक्ती अर्धवट जाण्याचे २४२ प्रसंग होते, पूर्ण जाण्याचे ७५. प्रशिक्षणात मात्र बहुतेक वेळ दुसऱ्या प्रकारावर जातो. इंजिन खोकत असले तरी चालते आहे, म्हणून वैमानिक आशेने पुढे जात राहतो, उंची धरण्यासाठी नाक ओढतो आणि वेग गमावतो. सरावात म्हणून कधीकधी थ्रॉटल पूर्ण मागे न घेता १७०० फेऱ्यांवर ठेवावा. विद्यार्थ्याने वेग सोडू नये, चालू शक्तीच्या भरवशावर लांबचा बेत न आखता हाताशी असलेल्या जागेकडेच जावे, हे इन्स्ट्रक्टरने पाहावे.

या विद्येचे सगळ्यांत सुंदर प्रात्यक्षिक अमेरिकी वैमानिक बॉब हूव्हर करत. दोन इंजिनांच्या श्राइक कमांडर विमानाची दोन्ही इंजिने बंद करून ते लूप आणि रोल घेत, आणि तीच शिल्लक ऊर्जा वापरून धावपट्टीवर उतरत. त्यामागे वर्षानुवर्षांची मोजदाद होती: कुठल्या उंचीला किती वेग, कुठल्या वेगाला किती वळण.

सेसनातल्या विद्यार्थ्यालाही मोजदाद करता येते. एक छोटी वही पुरते. इन्स्ट्रक्टरची आणि कंट्रोलची परवानगी घेऊन, नेहमीच्या उड्डाणाच्या शेवटी एक सर्किट इंजिन मंद ठेवून करावे. मग वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: वारा कुठून किती, डाउनविंडला थ्रॉटल मागे घेताना जमिनीपासूनची उंची, आणि ठरवलेल्या खुणेपासून चाके किती अलीकडे किंवा पलीकडे टेकली. वीस नोंदी झाल्या की त्यात आपली खोड दिसते. कुणाचे विमान समोरून वारा असला की नेहमी अलीकडे पडते, कुणाचे पावसाळ्यानंतरच्या शांत सकाळी नेहमी लांब जाते. वहीत ‘अलीकडे’ हा शब्द लागोपाठ तीनदा आला, तर पुढच्या सर्किटमध्ये बेसचे वळण चार सेकंद आधी घ्यावे आणि चौथी नोंद करावी.